कर्ज नंतर, काम आधी: इंदूरहून मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगकडे

प्रश्न थोडक्यात असा: "काका, मी इंदूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा सांवेर रोडवर दुसऱ्याच्या कारखान्यात लेथ चालवतात, आई शिवणकाम करते. इंजिनिअरिंगपर्यंत आलेली घरातली मी पहिलीच. मला रेसिंगच्या गाड्यांवर काम करायचं आहे. विद्यार्थी मिळून शर्यतीची छोटी गाडी बांधतात त्या कॉलेजच्या फॉर्म्युला टीमची वर्गणी परवडत नाही. इंग्रजी बेताचं आहे. एक एजंट म्हणतो, इंग्लंडची एम.एस्सी. नसेल तर या क्षेत्रात कोणी दारात उभं करत नाही, घरावर ४५ लाखांचं कर्ज काढा. काय करू? आणि लॅपटॉप कोणता घेऊ?"

घर गहाण ठेवू नकोस. इंग्लंडला जायचं की नाही ते पुढे बघू. पण कामाचा काहीच अनुभव नसताना, राहतं घर लावून जायचं नाही, एवढं आजच पक्कं कर आणि घरीही सांगून टाक, म्हणजे आईबाबांची झोप उडणार नाही.

मी बरीच वर्षं देशातल्या शर्यतींमध्ये डेटा आणि सस्पेन्शनचं काम केलं. आता टायर आणि गाड्यांच्या चाचण्यांमध्ये असतो, आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धांना डिझाइनचा परीक्षक म्हणून जातो. तुझ्यासारखी मुलं टेबलापलीकडे उभी असतात तेव्हा काय दिसतं, ते धरूनच लिहितो आहे.

आधी एजंटचा हिशेब. ४५ लाख, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला ६२,००० रुपयांच्या आसपास जातो. शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता; १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार आहे. पुढे टिकायचं तर कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पाठीशी उभं राहावं लागतं, आणि त्यासाठीची पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नव्याने लागणाऱ्यांना त्यात सवलत असते, तरी दहा-पंधरा माणसांची छोटी रेसिंग टीम एका नवख्या पोरीसाठी ही कागदपत्रं आणि हा खर्च सहसा अंगावर घेत नाही. मोठ्या टीमा घेतात, पण त्यांच्याकडे अर्जांचा ढीग असतो. नोकरी नाही लागली तर हप्ता रुपयांत फेडायचा आहे, इंदुरात मिळणाऱ्या पगारातून. प्रवेश झाला की बहुतेक एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. हप्ता तुझ्या बाबांना भरायचा आहे.

क्रॅनफिल्ड किंवा ऑक्सफर्ड ब्रुक्सचे अभ्यासक्रम वाईट आहेत असं मी म्हणत नाही, ते उत्तम आहेत. सिल्व्हरस्टोन, ब्रॅकली, मिल्टन कीन्स, एन्स्टन या पट्ट्यात निम्म्याहून जास्त फॉर्म्युला वनच्या टीमा वसलेल्या आहेत आणि ही विद्यापीठंही तिथून फार लांब नाहीत. पण त्या वर्गातून नोकरी कोणाला लागते ते बघ. ज्यांनी पदवीच्या काळात गाडी बांधलेली असते, मोडलेली असते आणि का मोडली हे मोजून सांगता येतं त्यांना. डिग्री त्या कामावर चढते, कामाची जागा घेत नाही. म्हणून तुझा पहिला अडथळा इंग्लंड नाही. तुझ्या कॉलेजच्या आवारातली टीम हा आहे, आणि त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

विद्यार्थी टीमा सभासदांकडून वर्गणी घेतात. कुठे वर्षाला काही हजार, कुठे त्याहून बरीच जास्त, शिवाय स्पर्धेला जायचा-यायचा खर्च वेगळा. ज्याचे वडील भरू शकतात तो टीममध्ये, ज्याचे नाही तो बाहेर. मग चार वर्षांनी कंपनीवाला विचारतो, "फॉर्म्युला स्टुडंट केलंय का?" गरीब घरातलं पोर म्हणतं "नाही", आणि त्याला आवडच नव्हती असं धरलं जातं. ही गाळणी फार लवकर लागते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. लुईस हॅमिल्टनने रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगबरोबर नेमलेल्या आयोगाचा अहवाल २०२१ मध्ये आला. ब्रिटनच्या मोटरस्पोर्टमध्ये कृष्णवर्णीय इंजिनिअर इतके कमी का, याचा तो शोध होता, आणि टीमा मोजक्या नामांकित विद्यापीठांतूनच माणसं उचलतात हे एक कारण त्यात आलं. तिथली गाळणी वेगळी आहे, पण गाळणी आहेच.

तू काय करायचंस? फॅकल्टी अ‍ॅडव्हायजरांना भेट, आणि माफी मागू नकोस, प्रस्ताव ठेव. टीमला पैसे कशासाठी लागतात ते बघ: मशीनिंग, लेझर कटिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग. यातलं बहुतेक काम सांवेर रोडवर आणि पोलोग्राउंडला होतं, आणि तिथल्या दहा कारखान्यांत तुझ्या बाबांना नावाने ओळखतात. एका शेठने रविवारी मशीन मोकळं दिलं, दुसऱ्याने पत्रा फुकट कापून दिला, तर ते टीमचं प्रायोजकत्वच आहे. गाडीवर त्यांचं नाव लागेल. त्याची बाजारभावाने किंमत लिहून काढ आणि ती वर्गणीत धरा असं लेखी माग. सर आडमुठे निघाले तर विभागप्रमुखांकडे जा. सरांनी हे वाचलं तर माझी त्यांनाही कळकळीची विनंती आहे: वर्गणी न भरता येणाऱ्या दोन-तीन मुलांच्या जागा दरवर्षी प्रायोजकांच्या पैशातून चालवा. त्या जागांवर बसणारी मुलं वर्कशॉपमध्ये सर्वात उशिरापर्यंत थांबतात, हे मी पाहिलेलं आहे.

अजून एक, मुलगी म्हणून. टीममध्ये गेलीस की बिझनेस प्लॅन, प्रायोजकांना पत्रं, सोशल मीडिया ही कामं तुझ्याकडे सरकवली जातील. कोणी वाईट हेतूने करतं असं नाही, सवयच तशी पडली आहे. परीक्षकाच्या खुर्चीतून मी वर्षानुवर्षं बघतो की प्रेझेंटेशन मुलगी देते आणि सस्पेन्शनचा प्रश्न विचारला की मान मुलाकडे वळते. त्या कामांना मदत जरूर कर, पण गाडीचा एक भाग तुझ्या नावावर असलाच पाहिजे. चाकाचा हब आणि अपराइट माग (अपराइट म्हणजे चाकाची बेअरिंग ज्यात बसते आणि जो सस्पेन्शनला जोडलेला असतो तो भाग). का, ते सांगतो.

विद्यार्थ्यांच्या गाडीत अपराइट बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्यात स्टीलची बेअरिंग दाबून बसवलेली असते. वर्कशॉपमध्ये बेअरिंग घट्ट बसते, सगळे खूश होतात. मग गाडी एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीला धावते, २२ किलोमीटर, प्रत्येक वळणाआधी ब्रेक. डिस्कची उष्णता अपराइटमध्ये शिरते. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. आता गणित कर: बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं भोक, ६० मिलिमीटरचा, तापमान ८० अंशांनी वाढलं. अ‍ॅल्युमिनियमचा बोअर साधारण ०.११ मिलिमीटरने मोठा होतो, स्टीलची बेअरिंग ०.०६ ने. फरक ०.०५ मिलिमीटर. थंड असताना तू ०.०३ मिलिमीटरचा घट्ट फिट दिला असशील, तर गरम झाल्यावर तीच बेअरिंग आपल्या घरात ढिली झाली. चाक किंचित हलायला लागतं, ब्रेकचा पेडल लांब जातो, ड्रायव्हर म्हणतो "गाडी कुठेतरी सैल वाटते", आणि टीम तीन दिवस डँपर बदलत बसते.

०.०५ मिलिमीटर म्हणजे किती, हे तुझ्या वर्गातल्या बहुतेकांना कागदावर माहीत आहे. तुझ्या बाबांच्या बोटांना ते माहीत आहे. बोअर गेज कसा धरायचा, सकाळी थंडीत मोजलेलं माप आणि दुपारी मोजलेलं माप वेगळं का येतं, मशीनवरून उतरवल्याबरोबर गरम जॉब का मोजायचा नाही, हे त्यांच्याकडून शीक, आणि मोजमाप वहीत लिही: तारीख, तापमान, तीन ठिकाणी घेतलेला व्यास. गाडी धावून आली की अपराइटला तापमानाची पट्टी चिकटवून खरं तापमान किती गेलं ते बघ, आणि पुढचा फिट त्यावरून ठरव. एक पान. प्रश्न काय होता, काय मोजलं, काय निघालं, काय बदललं, बदलल्यावर पुन्हा काय मोजलं. असं पान घेऊन परीक्षकासमोर उभी राहिलीस तर तुझ्या तुटक्या इंग्रजीकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. डिझाइनच्या परीक्षेला १००० पैकी १५० गुण असतात, आणि आम्ही त्यात चकचकीत रेंडर बघत नसतो. "हा आकडा कुठून आला?" एवढाच प्रश्न आम्ही फिरवून फिरवून विचारतो.

नियमांचं पुस्तक मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच. इतक्या गाड्या तांत्रिक तपासणीतच अडकतात की वाईट वाटतं. चारही चाकं एकाच वेळी लॉक झाली नाहीत म्हणून ब्रेक टेस्टला परत, ६० अंशांना तिरपी केली की पेट्रोल गळतं म्हणून परत. वर्षभराची मेहनत ट्रॅकवर पाय न ठेवता घरी येते. टीममध्ये नियम पाठ असलेली एक व्यक्ती असेल तर तिला कोणीही बाहेर ठेवू शकत नाही. ती तू हो.

इंदूरबद्दल. आपण मागे पडलोय असं तुला वाटत असेल, पण देशातल्या फार थोड्या मुलांना तुझ्याइतकं जवळ हे सगळं आहे. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला, आशियातला सर्वात लांब. मोठमोठ्या कंपन्या गाड्या घेऊन तिथे येतात. बाहा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांची २००७ पासूनची स्पर्धा, चार तासांच्या एन्ड्युरन्सची, अनेक वर्षं तिथेच भरत आली आहे. तुझी टीम नसली तरी स्वयंसेवक म्हणून जाता येतं का ते विचार. तपासणीच्या रांगेत एक दिवस उभं राहून शंभर गाड्यांचे वेल्ड बघणं हे एका सेमिस्टरच्या तोडीचं आहे. पिथमपुरातच आयशरच्या ट्रक-बस, फोर्स मोटर्स, ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना. सहाव्या सेमिस्टरनंतरची इंटर्नशिप यांपैकी कुठे, चाचणी किंवा क्वालिटीच्या विभागात मिळाली तर ती घे. नाव रेसिंगचं नाही म्हणून नाक मुरडू नकोस. टायरच्या चाचण्या करणारा माणूस रेसिंगमध्ये कायम हवा असतो.

खऱ्या शर्यतींचं पॅडॉक, म्हणजे ट्रॅकवरचा टीमांचा तळ, मात्र दक्षिणेत आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा मद्रासचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट मोठा, २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथे झाली, पण वर्षभराचं घरगुती रेसिंग दक्षिणेतच वाढलं. विद्यार्थ्यांची फॉर्म्युला भारत स्पर्धाही कोइम्बतूरलाच होते. क्लबांना मार्शल, म्हणजे शर्यतीच्या वेळी ट्रॅकवर झेंडे आणि सुरक्षितता सांभाळणारी माणसं लागतात, आणि त्याचं प्रशिक्षण क्लबच देतात. राहण्या-जेवणाची सोय काय आहे, मुलींसाठी वेगळी व्यवस्था आहे का, हे फोन करून आधी विचार, आणि पहिल्यांदा एकटी जाऊ नकोस, टीममधल्या एखाद्या मैत्रिणीला घे. एका हंगामात दोन शर्यतींना मार्शल म्हणून गेलीस की टीमचे लोक ओळखायला लागतात. मग एखाद्या शनिवारी कोणाचा माणूस आजारी पडतो आणि हाक येते.

हाक आली की पहिलं काम काय मिळतं, ते सांगून ठेवतो. फॉर्म्युला एलजीबी ४ हा एका आसनाच्या गाड्यांचा देशी वर्ग घे: मारुतीचं १३०० सीसी इंजिन, सगळ्यांना सारखंच, त्यामुळे फरक पडतो तो सेटअपने. गाडी पिटमध्ये येते. टायर थंड व्हायच्या आत सुईचा पायरोमीटर (तापमान मोजायचं यंत्र) रबरात टोचायचा, आतली कड, मधला भाग, बाहेरची कड, मग पुढचं चाक; क्रम प्रत्येक वेळी तोच, कारण चौथ्या चाकापर्यंत पोचेस्तोवर ते निवलेलं असतं आणि क्रम बदलला तर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. लगेच टायर गरम असतानाच हवेचा दाब. समज पुढच्या डाव्या चाकावर आत ९२, मध्ये ८४, बाहेर ७१ आलं: चाक वरच्या बाजूने आत फार कललं आहे, रबराची आतली कडच राबते आहे, कॅम्बर (हा कल) कमी करून बघायला हवं. मधला आकडा दोन्ही कडांपेक्षा जास्त आला तर हवा जास्त झाली. हे आकडे न चुकता, न खाडाखोड करता, ड्रायव्हर हेल्मेट काढायच्या आत कागदावर आले, की संध्याकाळपर्यंत इंजिनिअर तुला शेजारी बसवून लॅप डेटा दाखवायला लागतो. असंच आत जातात, निदान भारतात.

घरी बसून करण्यासारखंही खूप आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पायथन शीक; फास्टएफवन नावाची मोफत लायब्ररी आहे, तिने फॉर्म्युला वनच्या लॅपची वेळ आणि वेगाचा डेटा उतरवून घेता येतो. शर्यतीचा डेटा बघायचं मोटेकचं आय-टू सॉफ्टवेअर फुकट आहे. आयआयटींच्या मोफत व्याख्यानांच्या एनपीटीईएलवर व्हेइकल डायनॅमिक्सचे तास आहेत. पण दहा कोर्सची सर्टिफिकेटं लावू नकोस, त्या अपराइटच्या एका पानाला ती सगळी मिळून पुरत नाहीत.

पदवीनंतर दोन-तीन वर्षं इथे नोकरी कर. होसूरला टीव्हीएस रेसिंग १९८२ पासून आहे, हीरोची रॅली टीम २०१७ पासून डाकारला जाते, महिंद्राची टीम विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये पहिल्या हंगामापासून, म्हणजे २०१४ पासून आहे (तिचं ठाणं मात्र इंग्लंडात बॅनबरीला). टायर कंपन्या, चाचणी केंद्रं, वाहन कंपन्यांचे डायनॅमिक्स विभाग हे सगळं याच कुळातलं काम. आणि रेस इंजिनिअर म्हणजे टीव्हीवर हेडफोन लावून बसलेला माणूस एवढंच चित्र डोक्यात ठेवू नकोस. फॉर्म्युला वनच्या एकेका टीममध्ये हजारच्या आसपास माणसं असतात. शर्यतीला गाडीच्या कामासाठी साठाच्या आतच नेता येतात. उरलेली कारखान्यात: कंपोझिट, मशीनिंग, मोजमाप, टेस्ट रिग. मोजमापाच्या विभागात तुझ्यासारखी मुलगी शोभेल असं मला मनापासून वाटतं.

मग मास्टर्स, आणि तेही दुसऱ्याच्या पैशाने. इटलीत बोलोन्या-मोडेना भागातल्या विद्यापीठांनी मिळून म्युनर नावाची संस्था चालवली आहे. फेरारी, लॅम्बोर्गिनी, डालारा तिच्यात सामील आहेत, अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, आणि रेसिंग कार डिझाइन हा त्यातला एक स्वतंत्र विषय आहे. इटलीच्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि त्या प्रांताची उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्ती वेगळी मिळू शकते. प्रवेश अवघड आहे, कागदपत्रांची भाषांतरं आणि शिक्के यात महिने जातात, म्हणून वर्षभर आधी सुरुवात कर. तुझ्या घरच्या परिस्थितीला इंग्लंडपेक्षा हा रस्ता मला जास्त बरा वाटतो.

तू जात लिहिली नाहीस, मला विचारायचीही नाही. पण अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर किंवा पारंपरिक कारागीर कुटुंबातली असशील तर केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप बघ: पदवीला ६० टक्के, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, आणि ३० टक्के जागा मुलींसाठी. आदिवासी विद्यार्थ्यांची योजना निराळी आहे, आणि मागासवर्गीयांसाठी मध्य प्रदेश शासनाचीही परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. घेताना संकोच नको. पिथमपूरच्या जवळच महू आहे. तिथे जन्मलेले बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले होते. यात बसत नसशील तर जे. एन. टाटा एंडाउमेंट आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टची कर्ज-शिष्यवृत्ती आहे. घर गहाण ठेवण्यापेक्षा ती कितीतरी सुसह्य. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात परतावं लागतं, म्हणजे तिथेच नोकरीला लागायचा बेत असेल तर ती तुझ्या उपयोगाची नाही.

इंग्रजीचं: रोज वीस मिनिटं एखादा तांत्रिक लेख मोठ्याने वाच आणि आपलं ते एक पान इंग्रजीत तोंडी समजावून सांगायचा सराव कर, आरशासमोर नाही, मैत्रिणीसमोर, जी मध्येच "का?" विचारेल. पॅडॉकमध्ये तमिळ, कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळं एकत्र चालतं. टीमला मेल करताना "मला लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य काढून टाक. चार ओळी लिही: कोणत्या गाडीवर काय केलं, कोणता आकडा किती होता आणि किती झाला, कोणत्या तारखांना मोकळी आहेस, आणि सोबत ते पान. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा लिही. शर्यतीच्या आठवड्यात कोणी मेल वाचत नाही, म्हणून वेळापत्रक बघून पाठव.

लॅपटॉप सध्या नको. कॅडसाठी कॉलेजची लॅब वापर, संध्याकाळी ती रिकामीच असते. सरांकडून लेखी परवानगी घेऊन ठेव. घ्यावाच लागला तर ऑफिसातून निघालेला जुना, १६ जीबी रॅमचा घे, पायथनला आणि मोटेकला तो पुरतो. वाचलेल्या पैशातून पहिल्यांदा एक बरा डिजिटल व्हर्नियर आणि टायरचा दाब मोजायचा चांगला गेज विकत घे. दोन्ही सियागंजात मिळतील, आणि व्हर्नियर घेताना बाबांना बरोबर ने.